नीतीचा धडा पहिल्या तासाला

सुजाता मॅडम,

तुमच्या शोकसभेत सगळ्यात मोठा हार आमच्या कंपनीचा होता. पांढरी शेवंती, मधे निशिगंध आणि खाली सोनेरी रिबनवर कंपनीचं नाव. तो हार पाहिला आणि मला दुःखाच्या आधी संशय आला. हे लिहिताना लाज वाटते, पण तुमच्याशी खोटं बोलून झालंय माझं, आता पुरे.

तुमच्या मॅनेजमेंट संस्थेच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. दापोडीहून तुमच्या गल्लीतली माणसं आली होती, जुने विद्यार्थी होते, तुमच्या भगिनी नंदाताई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. भंतेजींनी वंदना घेतली. मग आमच्या कंपनीचे एचआरचे साहेब माइकपाशी गेले. म्हणाले, "मॅडमनी आम्हाला मूल्यं दिली. पुरवठादारांसाठीची आमची आचारसंहिता ही त्यांचीच देणगी." टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या. त्याच आचारसंहितेवरून तुमचं नाव काढा असं तुम्ही त्यांना लेखी कळवलं होतंत, त्याबद्दल एक अक्षर नाही.

मग संस्थेच्या संचालकांनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "मॅडम उत्तम शिकवायच्या." आणि खाली बसलो. एवढंच. घरी संत तुकाराम नगरला येईपर्यंत मी स्वतःवर चिडलो होतो. म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्ही वाचणार नाही हे कळतं, तरीही.

तुम्ही मला चिडवायचात, "संदीप, तू बायकोनं दिलेला चहासुद्धा तपासून पितोस का रे?" खरं होतं ते. पुरवठादारांकडे जायचं, त्यांची कागदपत्रं बघायची, माल बघायचा आणि ते काय लपवतायत ते शोधायचं, यावर माझं पोट. लातूरहून डिप्लोमा करून आलो तेव्हापासून हेच करतोय. माणूस फार हसून बोलला की मी आधी त्याच्या रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या, पेट्या बघतो. कंपनीनं मला शनिवार-रविवारच्या मॅनेजमेंटच्या कोर्सला घातलं तेव्हा मी तुम्हालाही तसंच पाहिलं. सुती साडी, पायात स्पोर्ट शूज, खांद्यावर कापडी पिशवी, बसनं येणं. मला वाटलं, ह्या बाईंनी साधेपणाचा वेश घेतलाय.

पण स्ट्रॅटेजी शिकवताना तुम्ही साध्या अजिबात नव्हता. बाजारात कोणाचा हात वर आणि कोणाचा खाली, हे तुम्ही असं काही उलगडायचात की शनिवारी दुपारी जेवून आलेला वर्गही जागा राहायचा. पुरवठादाराची ताकद कशी कमी करायची हा धडा तर मी पाठच केला. त्याला आपल्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक राहू द्यायचं नाही. त्यानं आपल्याच मापाचं मशीन घेतलं पाहिजे. आपल्याकडे मात्र कायम दुसरा पर्याय तयार हवा. मी वहीत लिहून घेतलं आणि सोमवारी कामाला लागलो.

यासीनभाईंचा भोसरीत गाळा होता. अकरा माणसं, तीन मशीनं, एक छोटी भट्टी. कारच्या दाराचं लॅच आम्ही बनवायचो, त्यातली स्प्रिंग ते बनवायचे. मी तुमचा धडा त्यांच्यावर पायरीपायरीनं चालवला. वर्षभरात ते पूर्ण आमच्यावर अवलंबून झाले आणि मग आम्ही दर पाडून घेतले. कोर्सच्या शेवटी मी त्याच्यावरच प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिला. नाव घातलं नाही, 'पुरवठादार क' असं लिहिलं. तुम्ही मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिलेत आणि रिपोर्ट वाचून दाखवलात.

वाचून झाल्यावर तुम्ही थांबलात. चष्मा काढलात.

"ह्या 'क'ला नाव असेल ना?"

"यासीनभाई," मी म्हणालो.

"त्यांना एकदा वर्गात बोलवू या."

मला वाटलं, माझं कौतुक करायला बोलावताहेत. पुढच्याच शनिवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले, हातात स्प्रिंगांची एक पिशवी. वर्गाला दाखवायला आणली होती त्यांनी. तुम्ही त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलंत आणि तुम्ही बाकावर, माझ्या शेजारी.

ते म्हणाले, "मी काय शिकलेला माणूस नाही. माझी सात-आठ गिऱ्हाईकं होती. संदीपसाहेब आले, म्हणाले, यासीनभाई, फक्त आमची स्प्रिंग करा, काम कमी पडू देणार नाही. मी बाकीच्यांना हात जोडले. मशीन ह्यांच्या मापाचं बसवलं. मग एक दिवस मेल आला, शेड्यूल अर्धं, म्हणजे महिन्याची ऑर्डर निम्मी. फोन केला तर साहेब म्हणाले, दर खाली आणा, शेड्यूल वर येईल."

वर्गात कोणीतरी हसलं. मागून एकानं विचारलं, "मग दुसरं गिऱ्हाईक का नाही शोधलं?"

"शोधलं ना भाऊ. ते म्हणाले, तेव्हा तुम्हीच आम्हाला नाही म्हणालात."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "साहेबांनी खोटं काहीच केलं नाही. कागदावर सगळं बरोबर आहे. मला फक्त एक विचारायचं होतं. माझ्या मुलीच्या लग्नाला साहेब आले होते. पंगतीत बसले, माझ्या भावाशी गप्पा मारल्या. तेव्हा हे सगळं ठरलेलं होतं का?"

ठरलेलं होतं, मॅडम. तुम्हाला ते माझ्या शेजारी बसून कळलं असणार, कारण तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

तास संपल्यावर मी तुम्हाला चहाच्या टपरीवर गाठलं. "मॅडम, धडा तुम्ही शिकवलात. मार्क तुम्ही दिलेत. आणि सगळ्यांसमोर आरोपी मी?"

"आरोपी दोघं," तुम्ही म्हणालात. "म्हणून तू रिपोर्ट परत लिही. यासीनभाईंच्या खुर्चीत बसून. मी माझ्या नोट्स परत लिहायला घेतल्यात."

"आणि मार्क?"

"मार्क तेच राहतील. तू शिकवलं तसंच केलंस. शिकवलं चुकीचं, त्याला मार्क कोण कापणार?"

मला तेव्हा खात्री होती की हे सगळं नाटक आहे. कुठल्यातरी परिषदेत पेपर वाचायचा असेल, नवीन विषय हवा असेल. मी दोघा-तिघांना तसं बोललोही. तुमच्या कानावर ते आलं होतं हे मला नंतर कळलं. तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत.

तो दुसरा रिपोर्ट मी लिहिला नाही. तुम्ही तीन वेळा मागितलात, मग मागायचं सोडलंत.

तुमची खरी लढाई त्यानंतर सुरू झाली, आणि तीसुद्धा मी बाजूला उभा राहून संशयानंच बघितली. अभ्यासक्रमात नीतीचा धडा सगळ्यात शेवटी होता. परीक्षेला नाही, पाहुण्याचं भाषण, चहा-बिस्कीट, फोटो. तुमचं म्हणणं, तो पहिल्या तासाला हवा. अभ्यास मंडळातल्या लोकांनी तुम्हाला विचारलं की तत्त्वज्ञान शिकवायचं तर त्यासाठी वेगळा विभाग आहे, स्ट्रॅटेजीत त्याचं काय काम? तुम्ही मला त्या बैठकीचं सांगितलं होतंत. तुम्ही म्हणाला होतात, "स्ट्रॅटेजी सांगते जिंकायचं कसं. जिंकणं म्हणजे काय, हे कोणी ठरवलं? आपण आपण म्हणतो, त्या 'आपण'मध्ये कोण कोण बसतं? हे विचारल्याशिवाय पुढची सगळी गणितं तुम्ही कोणासाठी सोडवताय? आणि हा प्रश्न शेवटी घ्यायचा म्हणजे माल ट्रकमध्ये चढवल्यावर तपासायला जायचं."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. मला माझ्याच भाषेत पकडायची सवय होती तुम्हाला.

मी वाद घातला. बाजारात प्रश्न विचारत बसणाऱ्याचा माल दुसरा उचलतो. पलीकडची कंपनी हे शिकत नाही तोवर आपण का शिकायचं? तत्त्वज्ञानानं लाइन चालत नाही. तुम्ही ऐकून घ्यायचात. एकदा मी जरा जास्तच बोललो. म्हणालो, "मॅडम, हे तुमच्या विहारातलं तुम्ही वर्गात आणताय. सम्यक आजीविका वगैरे. सगळ्या वर्गानं ते का ऐकायचं?"

तुम्हाला लागलं ते. थोडा वेळ तुम्ही कपातला चहा नुसताच हलवत राहिलात.

"आणते," तुम्ही म्हणालात. "पण तिथून उत्तर आणत नाही, प्रश्न आणते. पोट भरायला मी जे करते त्यानं कोणाचं काय होतं, एवढाच. तुझ्या घरी हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही का? तुझ्या आजोबांनी? त्यांचं उत्तर तू आण. यासीनभाईंच्या घरी हरामच्या कमाईबद्दल काय सांगतात ते त्यांना विचार. सगळ्यांना घरी शिकवलेलं असतं रे. मग कंपनीच्या गेटवर ते हेल्मेटसारखं काढून का ठेवतो आपण?"

"हेल्मेट गेटवर घालतात, मॅडम," मी म्हणालो.

तुम्ही हसलात. मीही हसलो. तो वाद तिथंच राहिला.

तुमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, गोष्टही तेव्हाचीच. तुम्ही ती वर्गात कधी सांगितली नाहीत, मला सांगितलीत, दापोडीच्या तुमच्या घरी, ओट्याला टेकून. दादा ओतकामाच्या खात्यात होते. एका सकाळी डबा घेऊन गेले आणि तासाभरात डबा तसाच घेऊन परत आले. गेटवर नोटीस लागली होती, खातं बंद. आईनं विचारलं, बरं नाही का? त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, आज सगळे मिळून खाऊ. तुम्ही तेव्हा नववीत होता. "त्या दिवशी कोणाच्या तरी वहीत तो प्लॅन अगदी बरोबर असणार," तुम्ही म्हणालात. "मी पुढे जाऊन तीच वही शिकवायला लागले. आणि चांगली शिकवली, हे वाईट."

मला ते ऐकून तुमच्याबद्दल माया वाटली. खरंच वाटली. आणि लगेच दुसरा विचार आला, की ही गोष्ट सांगून बाईंना माझ्याकडून काहीतरी हवंय. असा मी.

मग आमच्या कंपनीनं तुम्हाला बोलावलं. परदेशातली गिऱ्हाईकं विचारायला लागली होती की तुमचे पुरवठादार नीतीनं वागतात का. कंपनीला आचारसंहिता, म्हणजे आमच्या भाषेत 'कोड', हवी होती आणि ती लिहायला एक चांगलं नाव हवं होतं. तुम्ही हो म्हणालात. मी मनात म्हटलं, सापडल्या. एवढं नीती नीती करून शेवटी कंपनीच्या गाडीतून चाकणला आमच्या प्लांटवर आल्याच.

आता बघतो तेव्हा दिसतं की तुम्ही त्यावर किती जीव लावला होता. कामगारांना नेमणुकीचं पत्र, बसायला जागा, आग लागली तर बाहेर पडायला दुसरा दरवाजा, बाईमाणसासाठी वेगळं स्वच्छतागृह. एकही कलम वाईट नव्हतं. तुम्ही दुसरा भागही लिहिला होतात, कंपनीनं स्वतः कसं वागायचं याचा. आयत्या वेळी शेड्यूल बदलायचं नाही, एकाच गिऱ्हाईकावर पुरवठादाराला अडकवायचं नाही. तो भाग छापताना गळला. तुम्ही विचारलंत तर पुढच्या आवृत्तीत घेऊ म्हणाले. तुम्ही विश्वास ठेवलात. मी असतो तर ठेवला नसता. तेवढ्यापुरता माझा स्वभाव तुमच्या उपयोगी पडला असता, पण तुम्ही मला विचारलं नाहीत आणि मी आपणहून बोललो नाही.

तीन महिन्यांनी मी ती आचारसंहिता घेऊन यासीनभाईंच्या गाळ्यावर तपासणीला गेलो. भोसरीच्या गाळ्याला एक शटर असतं. दुसरा दरवाजा काढायचा तर मागच्या गाळ्याच्या भिंतीतून काढावा लागेल. बसायला जागा म्हणजे दोन खोकी. अकरापैकी चार जणांना पत्र नव्हतं, कारण ते त्यांच्याच नात्यातले होते. मी एकेक रकाना भरत गेलो. शेवटी 'अपात्र' लिहिलं आणि सही केली. यासीनभाईंनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि चहा मागवला. मी तो प्यायलो.

तुम्हाला मीच फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गाळ्यावर हजर. खोक्यावर बसून तुम्ही तुमचंच लिहिलेलं पहिल्या पानापासून वाचलंत, मधूनमधून शटरकडे बघत. मग मला म्हणालात, "संदीप, मोठ्या कंपनीला हे एका दिवसात जमतं. ह्यांना कधीच जमणार नाही. मी चांगुलपणाचं हत्यार करून दिलं रे त्यांच्या हातात."

आणि मी काय म्हणालो? "कोड तुमचाच आहे, मॅडम."

हे वाक्य माझं आहे. कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही कंपनीला पत्र लिहिलंत. गळलेला भाग छापा, आधी स्वतःला लावा, लहान पुरवठादारांना वेळ आणि मदत द्या, नाहीतर माझं नाव काढा. कंपनीनं आभार मानले आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. नावही काढलं नाही. मला त्या पत्राबद्दलही वाटलं की बाई स्वतःचे हात धुताहेत. पत्र लिहून झोप चांगली लागत असेल. यासीनभाईंचं काम तर गेलंच ना?

आता तुम्हाला जे सांगितलं नाही ते सांगतो.

त्या तपासणीच्या दोन दिवस आधी आमच्या खरेदीप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. दार लावायला सांगितलं. म्हणाले, "चाकणमध्ये नवा व्हेंडर तयार आहे. आपल्या गेटपासून दहा मिनिटांवर. यासीनला काढायचंय, पण दरावरून काढला तर बोंब होईल. तो कोड आहे ना मॅडमचा, तो जरा नीट लाव." 'नीट' म्हणताना ते हसले. मी विचारलं, "आणि पास झाला तर?" ते म्हणाले, "होईल का?"

मी गाळ्यावर गेलो तेव्हा निकाल माझ्या खिशात होता, मॅडम. तुमच्या कोडमध्ये दुसऱ्या दरवाज्याचं कलम नसतं तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. तुम्ही दीड वर्ष समजत राहिलात की तुमच्या लिहिण्यानं अकरा माणसांचं काम घालवलं. एका वाक्यात मी ते ओझं उतरवू शकलो असतो. उतरवलं नाही, कारण ते वाक्य बोललो असतो तर खाली माझं नाव आलं असतं. सगळ्या जगाचा संशय घेणारा मी, माझ्याकडे कोणी संशयानं बघू नये म्हणून केवढी काळजी घेत होतो.

तुमचं दुखणं कळलं तेव्हा उशीर झाला होता. तरी रविवारी सकाळी तुमचा फोन यायचा. तब्येतीचं विचारलं की दोन शब्दांत आटपायचात आणि मग नवीन बॅचबद्दल बोलायचात. संस्थेनं शेवटी तुमचं ऐकलं होतं, नीतीचा धडा पहिल्या तासाला आला होता, यंदाच्या वर्षापुरता. "अर्धा वर्ग झोपतो," तुम्ही सांगायचात, "पण उरलेला अर्धा भांडतो. पुष्कळ झालं." मग फोनवर एक शांतता यायची. मला वाटायचं, तुम्हाला दम लागलाय. मी म्हणायचो, "आराम करा, मॅडम," आणि फोन ठेवायचो.

शेवटचं भेटलो ते दापोडीला. नंदाताईंनी उशा लावून तुम्हाला बसवलं होतं. हात इतके बारीक झाले होते की घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. हिंजवडीची मेट्रो, चाकणचा ट्रॅफिक. तुम्ही ऐकत होता. निघताना म्हणालात, "संदीप, येत जा रे. बोलायचं असतं पुष्कळ." मी म्हणालो, "येतो ना. पुढच्या रविवारी." त्या शुक्रवारी तुम्ही गेलात.

शोकसभेनंतरच्या रविवारी मी यासीनभाईंना शोधत गेलो. भोसरीचा गाळा त्यांनी सोडलाय. आता कुदळवाडीच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन मशीनं आणि चार माणसं आहेत. खाटांच्या, सोफ्यांच्या स्प्रिंगा करतात. मला बघून उठले, हात पुसले, खुर्ची दिली. मला बसवेना. उभ्यानंच सगळं सांगितलं. केबिन, लावलेलं दार, खरेदीप्रमुखांचं हसणं, खिशातला निकाल.

त्यांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मला माहीत होतं, साहेब."

"काय?"

"तुम्ही यायच्या आठ दिवस आधी चाकणवाल्यानं माझ्या सेटरला, मशीन लावणाऱ्या माणसाला, फोन केला होता. हीच लॅचची स्प्रिंग आमच्याकडे करायला ये म्हणून. सेटरनं मला सांगितलं. तुम्ही कागद भरत होता तेव्हा मी तुमच्याकडे बघत होतो. वाटलं, आता बोलतील, मग बोलतील."

मला खुर्चीवर बसावंच लागलं. मी म्हणालो, "मॅडमना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्यांच्या कोडमुळे..."

"नाही. मॅडमना मी सांगितलं होतं. त्याच महिन्यात. त्या मला भेटायला आल्या, रडायलाच आल्या होत्या. मला बघवेना. मी म्हटलं, मॅडम, तुमची काही चूक नाही, हे आधीच ठरलं होतं, आणि संदीपसाहेबांना माहीत होतं. तर म्हणाल्या, ठरवलं त्यांनी, पण दार मीच उघडून दिलं ना. मग म्हणाल्या, यासीनभाई, संदीपला तुम्ही काही बोलू नका. तो मला स्वतः सांगेल."

बाहेर कोणीतरी पत्रे उतरवत होतं.

"विचारायच्या अधूनमधून," यासीनभाई म्हणाले, "आले का संदीपसाहेब तुमच्याकडे?"

मॅडम, म्हणजे दीड वर्ष तुम्हाला माहीत होतं. प्रत्येक रविवारी, फोनवर, त्या शांततेत. मी खोटारडा आहे हे माहीत असताना तुम्ही मला नवीन बॅचच्या गमती सांगत होता. रविवारपासून मी एकच प्रश्न उलटापालटा करतोय. तुम्ही माझी वाट बघत होता, की मला तपासत होता? शिक्षक होता तुम्ही, परीक्षा घेणं तुमच्या हाडात होतं. एकदा तरी तोंडावर विचारायचं होतंत, संदीप, तुला आधी माहीत होतं ना? मी कोसळलो असतो, पण सांगितलं असतं. कदाचित. कदाचित तेव्हाही खोटंच बोललो असतो, आणि तुम्हाला ते ऐकायचं नव्हतं. मी ह्या प्रश्नाच्या मागे लागलोय खरा, पण मला माझाच संशय येतो. तुमच्यात काहीतरी खोट सापडली की माझं ओझं हलकं होईल, म्हणून तर मी शोधत नाही ना?

दीड वर्ष माझ्यावर कोणी इतका विश्वास टाकून बसलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्याबद्दल आभार कसे मानायचे हे मला येत नाही. रागही येतो तुमचा. दोन्ही एकदम येतं आणि मग गाडी बाजूला लावून थांबावं लागतं.

सोमवारी मी एक पत्र लिहिलं. खरेदीप्रमुखांना, एचआरच्या साहेबांना आणि वरच्या साहेबांना. अमुक पुरवठादाराच्या तपासणीचा निकाल मला तपासणीच्या आधी सांगण्यात आला होता, मी तो मान्य करून सही केली, तो अहवाल खोटा धरावा. चार ओळी. यासीनभाईंना आधी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आता ह्याचा मला काय उपयोग, साहेब?" मी म्हणालो, "काहीच नाही." त्यांनी मान हलवली. "मग पाठवा," म्हणाले.

बायको म्हणाली, नोकरी जाईल. जाईलही. सोमवारपासून उत्तर नाही. खरेदीप्रमुख काल जिन्यात समोर आले आणि फोन कानाला लावून निघून गेले. फोनचा स्क्रीन काळा होता, ते मी पाहिलं. नजर अजून तशीच आहे माझी.

आज दुपारी निरोप आला. उद्या अकरा वाजता त्याच केबिनमध्ये. मला माहीत आहे, ते म्हणतील पत्र मागे घे, गैरसमज झाला असं लिही, तुझं आम्ही बघू. हसून म्हणतील. पुष्कळ चांगल्या शब्दांत म्हणतील, कदाचित तुमचं नावसुद्धा घेतील.

मी जाणार आहे. आणि ह्या वेळी दार उघडंच ठेवायला सांगणार आहे.

तुमचा,
संदीप